आज सोमवारच ना

औषध-विचारणा कक्ष म्हणजे
दवाखान्याच्या मागच्या जिन्याखालचं टेबल,
एक फोन, एक जाडजूड पुस्तक
आणि मी.
नऊ ते पाच. जेवणाची सुट्टी फोन ठरवतो.

अंबडहून एक जण विचारतो, रात्रपाळी आहे,
‘झोपण्यापूर्वी’ म्हणजे माझ्यासाठी सकाळी आठ का?
देवळालीच्या बाई म्हणतात, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे
आणि मेथीची जुडी आणून बसलेय, आता काय करू तिचं?
मखमलाबादची एक सून कुजबुजते,
सासूबाईंची गोळी चुकून मी घेतली, त्यांना सांगू नका.
कोणी नुसतंच विचारतं,
तुम्ही माणूस आहात ना? रेकॉर्डिंग नाही ना?

त्या शुक्रवारी गायधनी आजोबा, तावातावाने:
“नोट प्रेसमध्ये होतो, नाशिकरोडला.
एकतीस वर्षं मोजण्यात गेली.
महिन्याच्या गोळ्या म्हणून दिल्यात,
पाकिटात निघाल्या चार.
आज सकाळी संपल्या.
उरलेल्या सव्वीस कोण देणार?”

सांध्यांची गोळी. आठवड्याला एक.
चार सोमवार, चार गोळ्या.
त्यांनी घेतल्या मंगळ, बुध, गुरू, शुक्र.

माझा हात पुस्तकाकडे गेलाच नाही.
तोंड आलंय का, आजोबा?
“आलंय की. काल पोराने मिसळ आणली,
तर्री जास्त होती.”
तर्री नाही ती. रिक्षा करा. आत्ता.
पाकीट सोबत आणा.
“म्हणजे बाकीच्या मिळणार?”
या तर खरं.

द्वारकेच्या चौकात रिक्षा वीस मिनिटं अडकली,
हे नंतर कळलं.
तोवर मी सात वेळा फाटकापर्यंत जाऊन आले.

पाकीट आमचंच, खाकी.
त्यावर तीन चित्रं: उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र.
उगवत्यापुढे निळ्या पेनाची खूण.
सूर्य उगवला की गोळी.
तो रोजच उगवतो, त्यांचं काय चुकलं?
आठवड्यासाठी आमच्याकडे चित्रच नव्हतं.

आणि त्या खुणेची शेपूट
पार कोपऱ्यापर्यंत ओढलेली.
शाळेत बाई मला त्यावरूनच ओरडायच्या.
सोमवारी काउंटरवर माणूस कमी होता,
तासभर मदतीला गेले होते.

इंजेक्शनं, सलाईन, वॉर्डात सहा दिवस.
रक्ताचे आकडे हळूहळू जागेवर आले.
तिसऱ्या दिवशी त्यांनी अभिप्रायाचा कागद भरून दिला.
समाधान: पाचपैकी दोन.
कारण: गोळ्या कमी मिळाल्याची तक्रार होती,
तिचं काही झालं नाही, उलट सुया टोचल्या.
फोनवरची बाई बोलायला बरी.

मी तोवर सांगितलं नव्हतं.
सांगितलं शेवटच्या संध्याकाळी,
खाटेशेजारी उभी राहून, पेन मुठीत धरून.
ते बराच वेळ सलाईनच्या रिकाम्या स्टँडकडे बघत राहिले.
मग म्हणाले,
“प्रेसमध्ये एक नोट चुकली
तर अख्खं बंडल पुन्हा मोजायचो.
तुम्ही बाकीची पाकिटं मोजलीत का?”

मोजली. शनिवारी, रविवारी,
रजिस्टर उघडून, एकेका नंबरवर मीच फोन लावून.
अजून एक सापडली, सिन्नर फाट्याची,
तिने पाकीट उघडलंच नव्हतं.

महिन्याच्या अहवालात माझे दोन रकाने.
समाधानी किती: तिथे आजोबा बसत नाहीत.
टळलेल्या चुका किती: दोन लिहिलं, खोडलं, एक लिहिलं.
त्यांची टळली नव्हती, अर्ध्यावर सापडली होती.
चुकीपुढे माझं नाव घातलं.
मॅडम म्हणाल्या, तिथे नाव लागत नाही, विभाग लिही.
दोन्ही राहू दिलं.

गोळी दोन महिन्यांनी पुन्हा सुरू झाली.
पाकिटावर आता चित्र नाही,
मोठ्या अक्षरात एकच वार.
दर सोमवारी, नऊला मिनिटभर असतानाच, फोन वाजतो.
“आज सोमवारच ना?”
हो.
“बघून सांगा.”
मला माहीत असतं.
तरी उठते, कॅलेंडरवर बोट ठेवते,
आणि मगच सांगते.